जुन्या स्कूल बसचा नवा रंग पावसाळ्यात परत परत फुगतो, सोलतो: नव्याने रंगवण्याआधी काय तपासायचं

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत फोन सुरू होतात. "भाऊ, रंग परत फुगी गया." गाडीही ठरलेलीच. शाळेतून काढलेली जुनी बस कोणी विकत घेतो, तिची फिरती खानावळ करतो, कोणी दिंडीची गाडी, कोणी घरच्यांसाठी प्रवासाची. बाहेरून हौसेने नवा रंग देतात, चित्रं काढून घेतात, टपावर कॅरिअर आणि सोलर लावतात, बाजूला सावलीसाठी ताडपत्रीची चौकट बसवतात. उन्हाळाभर गाडी देखणी दिसते. पावसात रंगाला फोड येतात आणि दिवाळीपर्यंत पोपडे निघून खालचा पिवळा डोकावू लागतो.

धुळे-जळगाव पट्ट्यात बस बॉडीचं काम करताना हा एकच दोष मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता कुठल्या कोपऱ्यातून सुरुवात झाली असेल हे बहुतेक वेळा फोनवरच कळतं. जी चूक जवळजवळ सगळे करतात ती अशी, की फुगलेला रंग खरवडून त्यावर आणखी महाग रंग मारतात. पुढच्या पावसात पैसे परत पाण्यात. पाणी कुठून आलं किंवा खालचा थर का सुटला, हे कळल्याशिवाय ब्रश किंवा रंग फवारायची गन हातात घेऊ नका.

शाळेच्या बसलाच हे जास्त का होतं? त्या गाडीवर आधीच थरांवर थर असतात. नियमाने लागणारा सोनेरी पिवळा, खिडकीखालचा तपकिरी पट्टा, शाळेचं नाव, स्टिकर, रिफ्लेक्टर पट्ट्या. दर वर्षी पासिंगच्या तोंडावर घाईत मारलेला वरचा हात वेगळाच. शिवाय खिडक्यांचे आडवे गज आपण काढून टाकतो, पाट्या काढतो, पण त्यांची भोकं तशीच राहतात. कोणी त्यात लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरतं, कोणी नुसता रंग. पाण्याला एवढी वाट पुरते.

लक्षणं आधी नीट बघा

पोपडा निघाला आणि खाली चकचकीत, गुळगुळीत जुना पिवळा दिसतोय, तर जुना रंग न घासताच नवा मारला आहे. नव्याला धरायला काही मिळालंच नाही.

पोपड्याखाली थेट चंदेरी पत्रा दिसतोय, गंज नाही, तर तो जस्ताचा मुलामा असलेला जी.आय. पत्रा किंवा अॅल्युमिनियम आहे आणि त्याला लागणारा वॉश प्रायमर (गुळगुळीत धातूला रंग धरावा म्हणून द्यायचा पातळ पहिला थर) दिलेला नाही. साधा रेड ऑक्साइड प्रायमर अशा पत्र्यावर फार दिवस टिकत नाही.

पावसानंतर बारीक-बारीक फोड आलेत, सुईने टोचले की पाण्याचा थेंब येतो. हे पाणी मागून आलेलं असतं किंवा पत्र्यावर राहिलेल्या क्षाराने ओढून घेतलेलं असतं. दोन्हीचा उलगडा पुढे आहे.

रिव्हेटच्या डोक्याखालून किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तपकिरी ओघळ उतरलाय, तर तिथे गळती आहे. यात दुसरी शंका नाही.

उन्हाळ्यात काळ्या शेताला पडतात तशा भेगा रंगाला पडल्या असतील तर खाली लांबीचा जाड थर आहे. रंग मारता मारताच सुरकुत्या आल्या असतील तर खालचा इनॅमल (ऑइल पेंट) वरच्या रंगाच्या थिनरने उचलला आहे. हात फिरवल्यावर तळव्याला रंगाची पूड लागते, ते उन्हाने रंग मेल्याचं लक्षण. त्याला गळतीशी घेणंदेणं नाही.

एकाच गाडीवर यातली तीन-चार लक्षणं एकत्र दिसतात. म्हणून खालचा क्रम सोडू नका. आधी फुकटातलं, मग दहा-वीस रुपयांचं, मग मेहनतीचं.

१. खडू घेऊन गाडीभोवती फिरा

सकाळी ऊन तिरपं असताना गाडी उभी करा आणि प्रत्येक फोडाभोवती खडूने गोल काढा. मग वीस पावलं मागे जाऊन बघा. हे काम लोक टाळतात, पण माझं निम्मं निदान इथेच होतं. गोल एका सरळ उभ्या रांगेत उतरत असतील तर वरून पाणी येतंय. सगळे खालच्या स्कर्टवर (बाजूच्या पत्र्याची खालची पट्टी), चाकांच्या मागेपुढे असतील तर पाणी खाली साचतंय. एकाच बाजूला, दुपारी ऊन लागणाऱ्या अंगाला असतील तर उष्णतेचा आणि हलक्या रंगाचा संशय घ्या. गाडीभर सारखे विखुरले असतील तर चूक रंग मारण्याआधीच्या तयारीत झालेली आहे. फोटो काढून ठेवा, महिन्याने ताडून बघायला उपयोगी पडतात.

२. नाणं आणि चुंबक

रुपयाच्या नाण्याने हलके ठोकत चला. पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, जाड लांबीचा बद्द. मग फ्रिजवर लावतात तसलं लहान चुंबक फिरवा. जुन्या स्पीकरचं घेऊ नका, ते इतकं जोरदार असतं की लांबीवरूनही धरतं आणि फसवतं. लहान चुंबक जिथे सुटून पडेल तिथे लांबी तरी जाड आहे, किंवा खाली फायबर वा अॅल्युमिनियम आहे. बसचं तोंड आणि मागचा भाग बऱ्याचदा फायबरचा असतो, तिथे चुंबक धरणारच नाही, त्याने घाबरू नका.

हे महत्त्वाचं का, तर पत्रा आणि लांबी उन्हात सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे हवाच ४५ अंशांवर जाते आणि उन्हातला टप त्याहून कितीतरी जास्त तापतो. पहाटे २८ अंशांवर असलेला पत्रा दुपारी ७० वर गेला तर ९ मीटर लांबीचा पोलादी पत्रा साधारण साडेचार मिलिमीटर वाढू पाहतो. अॅल्युमिनियम त्याच्या जवळपास दुप्पट वाढतं. हे रोज, दिवसातून एकदा जाणं आणि एकदा येणं. जाड लांबी ते सोसत नाही, तडकते, आणि तडकलेल्या रेषेतून पाणी आत जातं. पोचा आधी मागून ठोकून काढायचा आणि लांबी कागदाएवढी पातळ ठेवायची. ठोकायचं काम वेळखाऊ म्हणून लोक थेट लांबी थापतात.

३. ब्लेड आणि चिकटपट्टी

जिथे रंग अजून चांगला दिसतोय अशा जागी ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या आणि सहा आडव्या चिरा द्या, पत्र्यापर्यंत. त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. एखाद-दुसरा कण आला तर रंग धरून आहे, तेवढ्या भागाला हात लावायची गरज नाही. चौकोनच्या चौकोन निघून आले तर वरवर दुरुस्ती करून उपयोग नाही, तो अख्खा भाग उतरवावा लागेल. गाडीच्या निदान सहा जागी करा: दोन्ही बाजू, तोंड, पाठ, टप आणि स्कर्ट. पट्टीला चिकटून आलेल्या रंगाची मागची बाजू भिंगातून बघा. मागे पिवळा चिकटला असेल तर जुना थरच पत्रा सोडतोय. मागची बाजू स्वच्छ असेल तर नवा रंग जुन्याला धरलेला नाही.

४. थिनरचं फडकं

पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन, न दिसणाऱ्या कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबून धरा. रंग फडक्यावर उतरला किंवा मऊ होऊन सुरकुतला तर तो इनॅमल किंवा लॅकर आहे. त्यावर थेट पीयू (पॉलियुरेथेन, हार्डनर मिसळून मारायचा रंग) मारला तर तो खालच्याला उचलणार. काहीच उतरलं नाही तर पीयू असण्याची शक्यता जास्त, आणि त्यावर घासून दुसरा हात बसतो. रंग कोणता आहे हे मागच्या पेंटरच्या तोंडी सांगण्यावर सोडू नका, फडकंच विचारा.

५. खालची निचऱ्याची भोकं

स्कर्टच्या खालच्या घडीत पाणी बाहेर पडायला बारीक भोकं असतात. आपल्या काळ्या मातीचा चिखल त्यात जाऊन बसला की सिमेंटसारखा घट्ट होतो. त्यावर कोणीतरी अंडरकोट फवारतं आणि भोक कायमचं बंद. पाणी घडीत दिवसेंदिवस साचतं, पत्रा मागून गंजतो, रंग पुढून फुगतो. वाकवलेली तार घालून प्रत्येक भोक मोकळं करा. तार काढल्यावर काळं पाणी धारेने आलं तर तुमचा चोर सापडला. स्कर्टवरचे निम्मे फोड मी एवढ्यावरच थांबलेले पाहिले आहेत.

६. पाण्याची नळी आणि रांगोळी

ही तपासणी सर्वांत मोलाची, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फैजपूरकडच्या एका मावशींची बस माझ्याकडे आली होती. भरीत-कळण्याची भाकरी विकायची गाडी. श्रावणात कानबाईच्या दिवसांत गावोगाव आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत उभी राहायची. दोन वर्षांत तिसऱ्यांदा रंग फुगला होता, तोही एकाच बाजूला, खाऊ देण्याच्या खिडकीखाली. आधीच्या दोघांनी रंगालाच दोष देऊन कंपनी बदलली होती. मावशी म्हणाल्या, "दादा, आता शेवटचं. यापुढं मी गाडी पिवळीच ठेवीन."

आम्ही खिडकीच्या आतल्या पट्टीवर कोरड्या रांगोळीची रेघ ओढली, छताच्या कडेच्या पट्टीवरही एक ओढली. एक पोरगा टॉर्च घेऊन आत बसला. बाहेरून मी साधी नळी लावली, फवारा नाही. जोराचा फवारा चांगल्या रबरातूनही पाणी आत घालतो आणि खोटी गळती दाखवतो. खालून सुरुवात केली, दहा मिनिटं फक्त खिडकीखाली. रेघ कोरडी. मग दहा मिनिटं खिडकीच्या रबरावर. कोरडी. मग वर, ताडपत्रीच्या चौकटीचे स्क्रू जिथे होते तिथे. चौथ्या मिनिटाला पोरगा ओरडला. छताजवळची रांगोळी एका जागी भिजून काळी पडली होती, पण फोडांच्या वर नाही, तिथून हातभर पुढे. पाणी स्क्रूच्या भोकातून आत येऊन छताच्या कमानीच्या पोकळीतून सरकत जाई आणि खिडकीच्या खांबातून खाली उतरे. आधीच्यांनी फोडाच्या वर बघितलं, तिथे काहीच नव्हतं.

खालून वर जायचं ते याचसाठी. वरून सुरू केलंत तर पाणी सगळ्या सांध्यांवरून खाली येतं आणि कोणता सांधा गळतो हे कधीच कळत नाही. प्रत्येक जागी पूर्ण दहा मिनिटं द्या, कारण पोकळ कमानीतून पाणी यायला वेळ लागतो.

त्या स्क्रूंभोवती पांढरं सिलिकॉन थापलेलं होतं, बाथरूमला लावतात तसलं, आंबट वासाचं. तो वास अॅसेटिक आम्लाचा, म्हणजे व्हिनेगरचा. ते आम्ल जस्ताचा मुलामा आणि पत्रा खातं. शिवाय सिलिकॉनवर कुठलाच रंग धरत नाही, आणि त्याचा तेलकट अंश आजूबाजूला पसरला की तिथेही रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल-गोल फाटतो. गाडीच्या बाहेरच्या अंगाला पीयू सीलंट वापरा, ते ताणतं आणि वरून रंगही घेतं. जुनं सिलिकॉन आधी ब्लेडने पूर्ण काढा, मग सिलिकॉन काढायच्या द्रावणाने पुसा, आणि त्यानंतरच घासायला घ्या. आधी घासलंत तर तेच सिलिकॉन पत्र्यात घोटलं जातं.

अॅल्युमिनियमची चौकट पोलादी पत्र्यावर थेट टेकवू नका. मध्ये रबराची पट्टी द्या. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी, की धातू झपाट्याने खाल्ला जातो. स्क्रूपेक्षा मागून पट्टी देऊन नट-बोल्ट बरा, आणि प्रत्येक भोक पाडल्यावर त्याच्या उघड्या कडेला प्रायमरचा ब्रश फिरवायचाच.

७. आतलं लायनिंग उघडा

बाहेरून पाणी येत नाही तरी फोड येतात, तेव्हा आतून बघायची वेळ आली. आत चूल चालते, वाफ होते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री चांगल्याच गार होतात, पत्रा थंड पडतो आणि वाफेचं पाणी होऊन पत्र्याच्या आतल्या अंगाला सुटतं. मागे काचलोकर (ग्लास वूल) भरलेली असेल तर ती ओल्या गोधडीसारखी पाणी धरून ठेवते. एखादा पॅनेल काढून हात घाला. ओल लागली तर बाहेरचा रंग नंतर बघू, आधी वाफ बाहेर जायला टपावर वायुवीजनाची झडप आणि पत्र्याला आतून प्रायमर.

८. तळहाताएवढा तुकडा पत्र्यापर्यंत उतरवा

शेवटची तपासणी. एक जागा पूर्ण मोकळी करून थर मोजा. जुन्या सोनेरी पिवळ्याबाबत इथे गंभीरपणे सांगतो: जुन्या पिवळ्या रंगात शिशाचं क्रोमेट असायची शक्यता खरीच असते. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली, पण ती गाड्यांच्या रंगासाठी नव्हती. म्हणून कोरडं घासायचं नाही. पाणी लावून वॉटर पेपरने घासा, गाळ गोळा करा, अंगणात किंवा शेतात सोडू नका, आणि लहान मुलं, गरोदर बाई जवळ नको.

पाण्याने घासल्यावर शेवटचं पाणी कोणतं, यालाही अर्थ आहे. आपल्याकडे बऱ्याच गावांत बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की हंड्याला पांढरा थर चढतो. तोच क्षार पत्र्यावर वाळतो, आपण वरून रंग मारतो, आणि पावसाची ओल रंगातून झिरपून त्या क्षाराकडे ओढली जाते. तेच ते पाण्याचे बारीक फोड. शेवटचा हात जारच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने फिरवा, लगेच कोरडं पुसा.

दोष सापडल्यावर

गळती बंद, पाणी वाळलं, मगच रंग. उघड्या पोलादावर इपॉक्सी प्रायमर, जी.आय. आणि अॅल्युमिनियमवर आधी वॉश प्रायमर, आणि त्यावर काय चालतं हे डब्यावर वाचूनच पुढचा थर. जुन्या धरून असलेल्या रंगाला २२० ते ४०० नंबरच्या पेपरने चमक जाईपर्यंत घासा. पीयूचा हार्डनर हवेतल्या ओलीशीही क्रिया करतो, तेव्हा भर पावसाळ्यात मारू नका. मे महिन्याच्या दुपारी मारलात तर थिनर हवेतच उडतो आणि रंग खरखरीत बसतो. मी दिवाळीनंतर किंवा फेब्रुवारीत, सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, पत्र्याला हात टेकवता येतो तोपर्यंत काम करतो. वर स्टिकर किंवा व्हिनाइल लावायचं असेल तर रंगाला काही आठवडे मोकळी हवा मिळू द्या. आतला थिनर निघत राहतो आणि व्हिनाइलखाली फुगा धरतो. गडद रंगाची हौस असेल तर ती खालच्या अर्ध्या भागात भागवा, टप पांढराच ठेवा.

रिफ्लेक्टर पट्ट्या रंगाखाली गाडू नका. पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी, रंगानंतर त्या परत लावायच्या असतात.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

खांबाच्या पायथ्याशी किंवा फरशीखालच्या आडव्या चॅनेलला स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबा. तो आत गेला तर रंगाचा विषय संपला. तो गाडीचा सांगाडा आहे, त्यावर माणसं बसणार आहेत. बस बॉडी बांधणाऱ्याकडेच न्या. खिडकीच्या कोपऱ्यातून पत्र्याला तिरपी भेग निघाली असेल, मागचं आपत्कालीन दार आता बसत नसेल, कॅरिअरखाली टप दबलेला असेल, तरी तेच.

वेल्डिंग घरी करू नका. मागे लायनिंग, वायरिंग, काचलोकर असते. खानावळीच्या गाडीत गॅसची नळी असते. सिलिंडर गाडीबाहेर काढून आणि बॅटरीची टर्मिनल सोडूनच वेल्डर काम सुरू करतो का, हे स्वतः उभं राहून बघा. जी.आय. पत्रा जळाल्यावर निघणारा पांढरा धूर फुप्फुसाला वाईट. वेल्डिंग रंगाआधी व्हायला हवं, नंतर केलं तर मागचा प्रायमर जळतो आणि सहा महिन्यांत तिथे गंज फुटतो.

पीयूची गन घरच्या अंगणात चालवू नका. हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही श्वास कोंडतो. तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क काहीही अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्क ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच ते काम करून घ्या. तुम्ही घासणं, धुणं, गळती बंद करणं, प्रायमर ब्रशने लावणं, एवढं नक्की करू शकता, आणि खर्चातला मोठा वाटा तिथेच वाचतो.

गाडीचा मूळ रंग बदलायचा, कॅरिअरने उंची वाढवायची, खिडकी कापून काउंटर काढायचा, तर आधी आरटीओत जा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली बदलाला परवानगी लागते आणि तो नोंदणीत चढवावा लागतो. पिवळा रंग, "स्कूल बस"ची पाटी तशीच ठेवून दुसरा धंदा करू नका. रस्त्यावरचे लोक त्या पिवळ्याकडे बघून गाडीत लेकरं आहेत असं समजतात.

मावशींच्या गाडीचे बारा स्क्रू काढले, भोकं बुजवली, चौकट रबरावर बोल्टने बसवली, आणि बोरिंगच्या ऐवजी जारच्या पाण्याने बाजू धुतली. रंग आधीचाच, त्याच कंपनीचा मारला. यंदा आषाढात एकदा गाडी इकडून जात होती, तेव्हा खिडकीखाली हात फिरवून बघितला. एकही फोड नव्हता.